आमच्या मुलाने किल्ली मागितली तर देऊ नका

सी-३०१, रात्री ८:४२
सर्वांना नमस्कार. मेसेज मोठा आहे, तरी पूर्ण वाचावा ही विनंती.
संध्याकाळी साडेपाचला पार्किंगच्या उतारावर जो आवाज झाला, ती आमची स्कूटर होती आणि चालवत होता आमचा मुलगा. यंदा दहावीत गेलाय, पंधरा वर्षांचा आहे. मागे मित्राला बसवलेलं. उतारावर घाबरला, ब्रेक दाबायच्या ऐवजी ॲक्सिलरेटर पिळला आणि गाडी थेट बी-१०४ च्या भाऊजींच्या मोटरसायकलवर गेली. आरसा फुटला, इंडिकेटर लोंबकळतोय. पाच मिनिटं आधी त्याच उतारावर छोटी मुलं सायकली खेळत होती. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.
दुपारीच त्याने गाडी मागितली होती, मी नाही म्हटलं होतं. तरी चपलांच्या कपाटावरच्या हुकाची किल्ली काढून गेला. मेकॅनिकने १,४५० रुपये सांगितलेत. ते तो स्वतःच्या पैशांतून देईल. दिवाळीची ओवाळणी आणि वाढदिवसाचे मिळून त्याच्या डब्यात तेवढे आहेत. क्रिकेटच्या बॅटसाठी साठवत होता. आता बॅट नाही. द्यायला तो एकटा येईल, मी सोबत येणार नाही.
भाऊजी, हात जोडून सांगते, "राहू दे रे बाळा" म्हणू नका. आणि बाकीच्यांनाही विनंती, "जरा गाडी बाजूला घे रे" म्हणून त्याच्या हातात किल्ली देऊ नका. अठरा पूर्ण होऊन लायसन्स हातात येईपर्यंत नाही.

बी-१०४, रात्री ८:४९
वहिनी, गाडीचं सोडा हो. पोरांना लागलं नाही ना?

सी-३०१, रात्री ८:५१
याचा गुडघा सोलवटला. मित्र ठीक आहे, त्याच्या आईला मी स्वतः फोन केला.

डी-४०२, रात्री ८:५५
अगं, दोन ठेवून द्यायच्यास कानाखाली. आमची तिन्ही अशीच सरळ झाली. एवढं ग्रुपवर कशाला लिहायचं, पोराची लाज जाते.

सी-३०१, रात्री ९:०४
काकू, तुमचा अनुभव मोठा आहे, पण हे मला पटत नाही. कानाखाली दिली असती तर दहा मिनिटांत विषय संपला असता, त्याचाही आणि माझाही. त्याने रडून घेतलं असतं, मला वाईट वाटलं असतं, आणि रात्री मीच त्याला आवडीचं करून वाढलं असतं. सोमवारी किल्ली परत हुकावर. मला तसं नकोय. बॅट हातची गेली हे त्याला सुट्टी संपेपर्यंत रोज आठवेल, तेवढं पुरे.
लाजेचं म्हणाल तर आवाज सगळ्यांनी ऐकलाय. लपवलं तर तोही लपवायलाच शिकेल.

ए-२०३, रात्री ९:०९
ताई, मनापासून पटलं. पण अडचणही सांगते. माझ्या मुलीचा क्लास सकाळी पावणेसातला, साडेचार किलोमीटरवर. बस वेळेवर येईल याची खात्री नाही, रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत, मिस्टर रात्रपाळीला. सोळा पूर्ण झाल्यावर आम्ही तिला स्कूटर दिली. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ना?

ए-५०१, रात्री ९:१७
मिळतं, पण ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या पार्किंगमधल्या ॲक्टिव्हा, ज्युपिटर सगळ्या ११० किंवा १२५ सीसीच्या. त्यांना अठराच लागतात.
वकील म्हणून स्पष्ट लिहितो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला न विचारता नेली" हे पालकालाच सिद्ध करावं लागतं, आणि किल्ली दारातल्या हुकावर असेल तर ते सोपं नाही. कुणाला इजा झाली तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते.

सी-१०२, रात्री ९:२०
वकीलसाहेब, बॅटरीवाली चालेल का?

ए-५०१, रात्री ९:२२
मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किमीपर्यंत असेल तर लायसन्स लागत नाही. त्याच्या पुढची असेल तर लायसन्सशिवाय चालणार नाही. घेण्याआधी कागद बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

बी-४०३, रात्री ९:२६
मे २०२४ मधला पुण्यातल्या कल्याणीनगरचा कार अपघात आठवा. सतरा वर्षांचा मुलगा, दोन तरुण जीव गेले. तेव्हा आपण सगळेच त्या घरच्यांना बोलत होतो. आणि आज आपल्याच गेटमधून रोज किती पोरं गाड्या काढतात! माझाही भाचा काढतो. उद्यापासून बंद.

ए-२०३, रात्री ९:३१
आमचीही उद्यापासून बंद. रडारड होणार, पण करते. सकाळी सायकलने जाणारी आणखी कुणी असतील तर सांगा, एकटीला अंधारात पाठवायची भीती वाटते.

बी-४०३, रात्री ९:३३
भाचा सायकलने येईल. साडेसहाला गेटवर.

सी-३०१, रात्री ९:३४
आमचाही. सायकलची हवा आत्ताच भरायला लावते.

सी-३०१ (नाना), रात्री ९:४१
सूनबाई, मी आतल्या खोलीतून लिहितो आहे. समोर बोलायला जीभ रेटेना. किल्ली त्याने हुकावरून काढली नाही, मी दिली. माझी रक्तदाबाची गोळी संपली होती, कोपऱ्यावरून आणतो म्हणाला. तू दुपारी नाही म्हणालीस ते मी ऐकलं होतं. तरी दिली. त्याने तुला माझं नाव सांगितलं नाही.

सी-३०१, रात्री ९:५२
नाना, सगळ्यांसमोर लिहिलंत, त्याला मोठं मन लागतं. मी रागावलेली नाही.
तुम्हाला वाचवायला तो खोटं बोलला. तेही चूकच आहे, त्याबद्दल त्याच्याशी वेगळं बोलेन, पण आज त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतोय.
तुमच्याकडे एकच मागणं. मी नाही म्हटलेलं तुम्हाला पटलं नाही तर मला बाजूला घेऊन सांगा, मी ऐकेन, चुकत असेन तर मागे घेईन. पण त्याच्यासमोर एकाचं नाही म्हणजे घरातल्या सगळ्यांचं नाही. गोळ्या मीच आणत जाईन, संपायच्या आधी.

नाना, रात्री ९:५५
बरं बाळ. माझ्याजवळची दुसरी किल्लीही फ्रिजवर ठेवली आहे, घे.

डी-४०२, रात्री ९:५८
वाचून डोळे भरून आले गं.

सेक्रेटरी, रात्री १०:०३
उद्या गेटवर बोर्ड लावतो. विनालायसन्स मुलांना गाडी बाहेर काढू द्यायची नाही, वॉचमनला तसं सांगितलं आहे. कुणी आईवडिलांनी त्यावरून वॉचमनशी हुज्जत घालू नये, माझ्याशी बोलावं.

बी-१०४, रात्री १०:११
वहिनी, आत्ता येऊन गेला. दारातच उभा राहिला, आत बोलावलं तरी आला नाही. "काका, माझी चूक झाली" म्हणाला. हातात पैसे होते, दहा-दहाच्या नोटा आणि वर थोडी चिल्लर. "मोजून घ्या" म्हणाला.
खरं सांगतो, राहू दे म्हणणं अगदी ओठावर आलं होतं. मोजून घेतले. पूर्ण १,४५० आहेत.