मदत हवी आहे: वाळवंटातल्या आकाशदर्शनासाठी तीनपैकी कोणती जागा घ्यावी?

मृगशीर्ष
मंडळी, मार्चच्या अमावस्येला वाळवंटात दोन रात्रींचं आकाशदर्शन ठरवतोय. चाळीसेक माणसं, चौदा दुर्बिणी (सगळ्यात मोठी १६ इंची आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची), चार जण फोटो काढणारे, बारा गाड्या. त्यातल्या तीनच फोर-व्हील-ड्राइव्ह आहेत. एक रात्र मेसिए मॅरेथॉनसाठी (मेसिएच्या यादीतले तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका एकाच रात्रीत पाहायच्या) राखली आहे. अक्षांश साधारण २७ उत्तर.

फेब्रुवारीच्या मध्यावर, चंद्र नसताना तीन जागा पाहिल्या. एसक्यूएम-एल या आकाशाचा उजेड मोजणाऱ्या लेन्सवाल्या मापकाची खस्वस्तिकाकडची (थेट डोक्यावरची) मोजणी देतो, मॅग्निट्यूड प्रति चौरस आर्कसेकंदमध्ये. आकडा जितका मोठा तितकं आकाश काळोखं.

क: कोरडा पडलेला खारट तलाव, चार किलोमीटर रुंद. क्षितिज सगळीकडे मोकळं. पूर्व-आग्नेयेला शहराच्या उजेडाचा घुमट, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा उंच. मोजणी २१.७४, पहाटे २ वाजता.
ख: मुरमाड, किंचित उताराची जमीन, डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर. उत्तरेला दीड किलोमीटरवर १५० मीटर उंचीची टेकडी, ईशान्येला घुमट. मोजणी २१.५८, रात्री ८.३० ला.
ग: वाळूच्या टेकड्यांमधली सपाट जागा, शेवटचे सहा किलोमीटर निव्वळ वाळू. मोजणी २१.७०, रात्री १ वाजता.

शिवाय ख ला संध्याकाळी पश्चिमेकडेही एक फिकट उजेड दिसला, तिकडे कुठलं गाव आहे ते नकाशावर सापडत नाही. आकडे पाहून क घ्यावी असं वाटतंय. अजून काय तपासायला हवं?

व्याध
थांबा, हे आकडे एकमेकांशी ताडून पाहताच येणार नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री ८.३० ला २७ अक्षांशावर डोक्यावर काय असतं? सारथी आणि मिथुन यांच्या मधली हिवाळी आकाशगंगा. पहाटे २ ला तिथे सिंहाचा मागचा भाग आलेला असतो आणि अरुंधती केश हा तारकासमूह जवळ आलेला असतो. आकाशगंगेचा उत्तर ध्रुव अरुंधती केशातच आहे, म्हणजे आकाशातला सगळ्यात काळोखा पट्टा. एवढ्यानेच एक-दोन दशांश फरक पडतो. त्यात संध्याकाळी गावांचे दिवे जास्त असतात आणि मध्यरात्रीनंतर कमी होतात. तुमच्या क आणि ख मधला फरक ०.१६ आहे. तो जागेचा की वेळेचा, हे या मोजणीवरून कळत नाही.

मोजणी पुन्हा घ्या, तिन्हीकडे घड्याळात तीच वेळ साधून. एकाच रात्री जमत नसेल तर लागोपाठच्या रात्री घ्या. रोज चार मिनिटांचाच फरक पडतो, तेवढा चालेल. मापक पंधरा मिनिटं बाहेर ठेवून हवेच्या तापमानाला येऊ द्या. डोक्याच्या वर धरा, आजूबाजूला लाल टॉर्चसुद्धा नको. सलग सहा वेळा बटण दाबा, पहिला आकडा सोडून द्या, बाकी पाचांची सरासरी लिहा. त्या पाचांत ०.०५ पेक्षा जास्त चढउतार असेल तर विरळ ढग किंवा धूळ सरकतेय असं समजा.

लेन्सवालं मापक जेमतेम २० अंशांचा शंकू पाहतं, त्यामुळे क्षितिजावरचा घुमट त्याला दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा वापरा. वाइड लेन्स, एफ २.८, ३० सेकंद, आयएसओ १६००, व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर बांधलेला. आठ दिशांना आठ फोटो, तिन्ही जागी याच सेटिंगवर. ते शेजारी शेजारी ठेवले की कुठल्या दिशेला किती उजेड आहे ते ताबडतोब कळतं.

उपग्रहाच्या प्रकाशनकाशांबद्दल एक सावधगिरी. त्यांतले बरेचसे व्हीआयआयआरएस या उपकरणाच्या माहितीवर असतात. ते साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरमधलाच प्रकाश टिपतं, म्हणजे पांढऱ्या एलईडीचा निळा भाग त्याला दिसतच नाही. शिवाय त्याची फेरी मध्यरात्र उलटल्यावर, दीडच्या सुमाराला होते. त्यामुळे सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवलेलं शहर नकाशावर होतं तेवढंच किंवा मंदावलेलं दिसतं, प्रत्यक्षात आकाश उजळलेलं असतं.

आणि पश्चिमेचा तो फिकट उजेड गावाचा नसावा. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी राशिचक्रीय प्रकाश (सूर्याभोवतीच्या धुळीवरून विखुरलेला सूर्यप्रकाश) उत्तर गोलार्धात सगळ्यात चांगला दिसतो. गावाचा घुमट क्षितिजावर रुंद बसतो आणि तासन्‌तास तिथेच राहतो. राशिचक्रीय प्रकाश निमुळता, क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या बाजूने वर चढत गेलेला असतो, थेट कृत्तिकांच्या दिशेने, आणि रात्र चढेल तसा मावळतो. तो नजरेत भरला असेल तर ख चं आकाश तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच चांगलं आहे.

शततारका
आकाशाचं व्याध यांनी सांगितलंच. क च्या जमिनीबद्दल मला जास्त काळजी वाटते.

कोरड्या तलावाची खपली फसवी असते. वरचे चार-पाच सेंटिमीटर वाळून कडक होतात, तडे जाऊन षटकोनी फरशा पडल्यासारखे दिसतात, आणि खाली महिनोन्‌महिने ओला चिखल राहतो. १२ मिलिमीटर जाडीची, ६० सेंटिमीटर लांबीची लोखंडी सळई घ्या आणि वाटेवर दर शंभर मीटरवर अंगाच्या जोराने खुपसा. पहिल्या बोटभर अंतरात अडकून मग एकदम सुळकन आत गेली, आणि बाहेर काढल्यावर टोकाला राखाडी, चिकट गोळा आला, तर तिथे गाडी नेऊ नका. माणूस चालतं म्हणून गाडी चालेल असं होत नाही. एका सरीनंतर तर सगळा तळ साबण लावल्यासारखा निसरडा होतो आणि बारा गाड्या आतच राहतात.

जमीन टणक निघाली तरी धूळ आहेच. ही मैद्यासारखी बारीक आणि क्षारयुक्त असते. फोकसरच्या दातऱ्यांत, माउंटच्या (दुर्बिणीच्या बैठकीच्या) गिअरमध्ये, कॅमेऱ्याच्या पंख्यात जाते. आरशावर बसली की कोरड्या फडक्याने पुसायची चूक कधीच करू नका, ओरखडे पडतात. आधी ब्लोअर, आणि दव पडण्याआधी आरसा झाका. क्षार आणि ओल एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा खराब होतो. चार किलोमीटर आडोसा नसल्यामुळे वाराही थेट येतो. बशीसारख्या जागेत रात्री थंड हवा साचते, म्हणून वाळवंट असूनही पहाटे दव तिथेच आधी धरतं.

ग बारा गाड्यांसाठी सोडूनच द्या. टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवून फोर-व्हील-ड्राइव्ह जाईल, बाकी नऊ रुततील, आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्या सहा किलोमीटरना तास लागेल.

मृगशीर्ष
हे लक्षात आलं नव्हतं, मनापासून आभार. मग ख कडे वळायचं म्हटलं तर दोन शंका. टेकडीमुळे मॅरेथॉनमधलं काही हुकेल का? आणि उतारावर वाऱ्याचं काय?

त्रिशंकू
टेकडी किती उंच दिसते ते काढा. १५० मीटर भागिले १५०० मीटर म्हणजे ०.१, कोन पावणेसहा अंश. उत्तरेला तेवढं झाकल्याने मेसिए यादीतलं काहीही जात नाही. पण टेकडी पश्चिमेकडे कुठवर पसरलीय ते होकायंत्राने मोजा. मेसिए यादीतली एम ७४ तुमच्या अक्षांशावर दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेला कोन) २८८ ला मावळते, म्हणजे पश्चिमेच्या १८ अंश उत्तरेला, आणि एम ७७ बरोबर पश्चिमेला. खगोलीय संधिप्रकाश संपताना एम ७४ क्षितिजावर मोजक्या अंशांवर उरलेली असते, त्यात ती मंद दीर्घिका. टेकडीचा पसारा २८० ते २९५ च्या मध्ये आला तर मॅरेथॉन पहिल्याच पिंडाला अडखळेल. तसं असल्यास दुर्बिणी अर्धा किलोमीटर दक्षिणेला सरकवा, कोन सव्वाचार अंशांवर येतो.

पहाटेचं टोक त्याहून महत्त्वाचं. शेवटचा एम ३० दिगंश ११६ ला उगवतो, पूर्वेपासून २६ अंश दक्षिणेकडे. क ला शहराचा घुमट नेमका तिथेच आहे, म्हणजे आधीच उजाडू लागलेल्या आकाशात त्याची भर. ख ला ती दिशा मोकळी आहे. फक्त हे सांगायला मुठीने केलेला अंदाज पुरणार नाही, पहाटे उभं राहून बघा.

वाऱ्याचं म्हणाल तर सूर्यास्तानंतर टेकडीचा उतार थंड होतो आणि गार हवा ओघळीतून खाली वाहू लागते. ट्रायपॉडच्या पायाला, जमिनीपासून हातभर वर, लोकरीचा एक धागा बांधा आणि सूर्यास्तानंतर दर अर्ध्या तासाला त्याची दिशा लिहा. धागा सतत टेकडीकडून ताणलेला राहिला तर तुम्ही ओघळीच्या तोंडावर आहात. दोनशे मीटर बाजूला, दोन ओघळींच्या मधल्या उंचवट्यावर जा. कोरड्या नाल्याच्या पात्रात मात्र तंबू नको. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो.

मांडणी अशी करा. गाड्या दक्षिणेच्या कडेला, तोंडं बाहेरच्या दिशेला, म्हणजे निघताना रिव्हर्सचा पांढरा दिवा लागणार नाही. आतले दिवे दार उघडल्यावर लागणार नाहीत असे बंद करा, दिवसा आपोआप लागणारे हेडलाइट असतील तर जाड कापड बांधा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि एका झोतात ती जाते. फोटोवाले एका टोकाला, त्यांचे पडदे लाल फिल्मखाली. दोन दुर्बिणींमध्ये पाच-सहा मीटर सोडा, तारांवर पांढरी फीत.

१६ इंची आरसा दुपारी उन्हात राहू देऊ नका. वाळवंटात रात्रभर तापमान उतरत राहतं, जाड काच मागे पडते आणि ग्रहांची प्रतिमा उकळल्यासारखी हलते. सावलीत ठेवा, मागचा पंखा सूर्यास्तापासून चालू. मुरमात ट्रायपॉडच्या पायांखाली ३० सेंटिमीटर चौरस प्लायवूडचे तुकडे घाला.

विजेचा हिशेब: माउंट, ड्यू हीटर (काचेवर दव धरू न देणारा) आणि स्वतःला थंड ठेवणारा कॅमेरा मिळून चार अँपिअर धरले तर दहा तासांना ४० अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणून प्रत्येकी १०० ची न्या. जनरेटर दिवसा चार्जिंगपुरता.

शततारका
राहिलेलं थोडक्यात. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर, वर एका दिवसाचं जादा. वीस माणसांमागे एक तात्पुरतं शौचालय, आणि मैला परत न्यायची सोय हवी, कोरड्या जमिनीत तो लवकर कुजत नाही. दगडांमधली काळपट, खडबडीत खपली दिसली तर तिच्यावरून गाडी किंवा पाय नेऊ नका. ती जिवंत असते, मोडली तर भरून यायला दशकं लागतात. विंचवासाठी अतिनील टॉर्च ठेवा, विंचू हिरवट चमकतात, पण तंबूंपाशीच वापरा, दुर्बिणींजवळ नाही. जागेच्या मालकाची परवानगी लेखी घ्या, त्यात रात्रीचा मुक्काम आणि गाड्यांची संख्या लिहिलेली असू द्या.

मृगशीर्ष
ठरलं, आता ख. मार्चच्या अमावस्येच्या आधीच्या आठवड्यात, पहाटे चंद्र कोरीएवढा उरला असताना दोन मुक्काम करतो. संध्याकाळी लोकरीचा धागा आणि होकायंत्र, क आणि ख ला लागोपाठच्या रात्री एकाच वेळी मोजणी, पहाटे ११६ दिगंशाकडे कॅमेरा. सळईही नेतोच. दोन किलोमीटरच्या कच्च्या वाटेवर कुठे ओल आहे का, तेही एकदा बघून घेतो. आकडे आणि आठही फोटो इथेच टाकेन.

व्याध
फोटोंबरोबर प्रत्येकाची वेळ नक्की लिहा. आणि मोजणी रात्री ८.३० नंतरच सुरू करा. तेव्हा सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांच्या पुढे गेलेला असेल. त्याआधीचा आकडा संधिप्रकाशाचा असतो.