मदत हवी आहे: कुजलेल्या आंब्याच्या ओंडक्यात सापडलेला काळा, आवाज करणारा भुंगा नक्की कोणता?

नमस्कार मंडळी,

कीटकांमधलं कळणारं कोणी असेल तर कृपया पूर्ण वाचा, जरा लांब झालंय पण माहिती अर्धवट दिली की कोणालाच काही सांगता येत नाही म्हणून सगळं लिहितोय.

आमचं घर सिंधुदुर्गात, आंबोली घाटाच्या पायथ्याकडे. परसामागे वहाळाच्या कडेला एक जुना रायवळ आंबा पडलाय, बरीच वर्षं तसाच आहे, आतून पूर्ण मऊ झालाय. पावसात साल सुटली तेव्हा आत हे भुंगे दिसले. एकटादुकटा नाही, मोठे भुंगे, अळ्या आणि एक तांबूस-तपकिरी रंगाचा भुंगा असं सगळं कुटुंबच एका बोगद्यात, आणि बोगदाभर बारीक चावलेला लाकडाचा भुसा.

घाई अशासाठी आहे की आमचे काका म्हणताहेत हे भिरूड आहे, कलमांना लागेल, दिवाळीआधी ओंडका जाळून टाक. शेजारचे म्हणतात गेंड्या भुंगा, माडांना त्रास देईल. मला दोन्ही पटत नाही. भिरूडाचा भुंगा म्हणजे लांबच लांब मिशांचा, आणि त्याची अळी उभ्या झाडाच्या खोडात शिरते. गेंड्या भुंगा जाडजूड, गोलसर, पोटाखाली तांबूस केस असलेला, त्याची अळी हुमणीसारखी इंग्रजी सी आकारात वळलेली असते. इथली अळी बऱ्यापैकी सरळ आहे आणि बघताना तिला पायांच्या दोनच जोड्या आहेत असं वाटतं.

आता भुंग्याचं वर्णन. लांबी ३२ मिमी (पट्टी शेजारी ठेवून मोजली), रंग चकचकीत काळा, अंग लांबट, दोन्ही बाजू समांतर, थोडं चपटं. मानेमागचा भाग जवळजवळ चौकोनी, गुळगुळीत, मधोमध एक बारीक खाच. तो भाग आणि पंखांची वरची कवचं यांच्यामध्ये स्पष्ट कंबर दिसते. कवचांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरलेल्या शेतासारख्या सरळ रेघा. डोक्यावर छोटंसं पुढे झुकलेलं शिंग. मिशा कोपरासारख्या मोडलेल्या नाहीत, आत वळतात आणि टोकाला पाकळ्या आहेत. खांद्यापाशी आणि मधल्या पायांवर तांबूस केस. अंगाखाली अगदी बारीक कोळीवर्गीय माइट्स चिकटलेले. आणि हातात धरला की चुंबनासारखा बारीक चीं-चीं आवाज करतो, कानाजवळ नेला तर अगदी स्पष्ट ऐकू येतो.

एवढ्यावरून मी पॅसॅलिडी (कुजक्या लाकडात राहणारे भुंगे) या कुळापर्यंत पोचलोय आणि त्याबद्दल मला फारशी शंका नाही. स्टॅग बीटल या मोठ्या जबड्याच्या भुंग्याच्या मिशा कोपरासारख्या मोडतात, इथे तसं नाही. शिवाय या कुळाचं राहणं तंतोतंत जुळतं: आईबाप आणि पिल्लं एकाच ओंडक्यात, मोठे भुंगे लाकूड चावून बारीक करतात, अळ्या तो भुसा आणि मोठ्यांची विष्ठा खातात, कोषाभोवतीचं कवच करायलाही मोठे मदत करतात. तो तांबूस भुंगा म्हणजे नुकताच कोषातून निघालेला, हळूहळू काळा होणारा. आवाजाचंही तसंच, मोठे भुंगे पोटाचा वरचा भाग मागच्या पंखांवर घासतात, आणि अळीच्या पायांची तिसरी जोडी अगदी आखूड होऊन फक्त घासून आवाज काढण्यापुरतीच उरलेली असते, म्हणून दोनच जोड्या दिसतात. अमेरिकेत सापडणाऱ्या ओडोन्टोटीनियस डिसजंक्टस या जातभाईचा खूप अभ्यास झालाय, त्याचे वेगवेगळ्या प्रसंगांचे १४ प्रकारचे आवाज नोंदवलेत. कीटकांमध्ये असं कुटुंब करून राहणं, एकमेकांशी आवाजाने बोलणं, आणि तेही आपल्या परसात, मला खरंच भारी वाटलं.

अडलंय ते पुढे. जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) आणि प्रजाती ठरवायची कशी? भारतातल्या या कुळावर स्टोलिच्का या संशोधकाने १८७३ मध्ये लिहिलं, मग ग्रेव्हली या दुसऱ्या संशोधकाने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या संग्रहावरून १९१४ मध्ये मोठं काम केलं. आजही ओळख पटवायला बसलं की तिथेच जावं लागतं. सह्याद्रीत लेप्टॉलॅक्स आणि एपिस्फेनस या दोन जीनसची नावं येतात. लेप्टॉलॅक्स बायकलर तर भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला, पण तो लहान आणि बराच चपटा, सालीखाली राहायला योग्य असा. माझा भुंगा त्यापेक्षा मोठा आणि जाड आहे आणि सालीखाली नाही, लाकडाच्या आत खोलवर आहे, म्हणून माझा कल एपिस्फेनसकडे. पण नुसत्या अंदाजाने नाव लावून आयनॅचरलिस्टवर (जिवांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकायचं मला पटत नाही, एकदा चुकीचं नाव लागलं की पुढचे दहा जण तेच उचलतात.

तर ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, कोणते फोटो लागतील? डोक्याची पुढची कड डावी-उजवीकडे सारखी आहे की असमान, हे महत्त्वाचं असतं एवढं कळलंय. मिशांच्या लांब पाकळ्या किती, जबड्याचे दात, खालच्या बाजूचा हनुवटीसारखा भाग आणि त्याची खाच, हे सगळं मोबाइलला मॅक्रो लेन्सची क्लिप लावून जमेल का? जिवंत भुंगा उलटा धरून फोटो काढायचा तर त्याला इजा न होता कसं करायचं? एकही भुंगा मारायचा नाही असं ठरवलंय. पण बोगद्यात जुन्या मेलेल्या भुंग्यांची डोकी आणि कवचं पडलेली आहेत, ती स्वच्छ करून डबीत ठेवलीत. त्यावरून प्रजातीपर्यंत जाता येतं का? पुण्याजवळ आकुर्डीला झेडएसआयचं (भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था) केंद्र आहे, तिथे असे अवशेष द्यायचे असतील तर सोबत काय काय लिहून द्यावं लागतं? जमीन आमची स्वतःची आहे, जंगल खात्याची नाही.

अपडेट: ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. डोक्याची पुढची कड असमान आहे, डावीकडचा कोपरा उजवीपेक्षा जास्त पुढे आलाय, तीन वेगवेगळ्या डोक्यांवर तसंच दिसलं. म्हणजे तो मोडलेला किंवा झिजलेला नाही. पाकळ्या लांब चार की पाच यावर फोटोवरून नक्की होत नाहीये, उन्हात परत काढतो. नर की मादी हे बाहेरून सांगता येत नाही, दोघं सारखेच दिसतात, त्यामुळे ते विचारू नका.

काकांना वरचं भिरूडाबद्दलचं वाचून दाखवलं, हे भुंगे मेलेलं कुजकं लाकूडच खातात, जित्या कलमाला तोंड लावत नाहीत हे सांगितलं. ते म्हणाले कोणीतरी शेतीतला माणूस हेच म्हणू दे मग ठेवू. तेव्हा इथे कोणी कृषी विद्यापीठातले किंवा बागायतदार असतील त्यांनी दोन ओळी लिहाच, त्यांना दाखवता येतील.

आणि आंबोली, तिलारी, राधानगरी, चांदोली या भागात कोणाला असा भुंगा दिसला असेल तर झाड कोणतं होतं, लाकूड किती कुजलेलं होतं आणि जागा साधारण किती उंचीवर होती तेवढं सांगा. फोटो नसला तरी चालेल.