अँटिबायोटिकचा ‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला बदलायला हवा का?

सूक्ष्मदर्शी: ‘बरं वाटलं तरी सगळ्या गोळ्या संपवा, नाहीतर जंतू औषधाला दाद देणार नाहीत’ हे सरसकट सांगणं थांबवावं. ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जंतू आतड्यात वस्तीलाच असतात. फुप्फुसासाठी घेतलेली गोळी त्यांनाही भिडते. दुबळे मरतात, दाद न देणारे वाढतात. जितके दिवस जास्त, तितकी ही निवड लांबते. पुढे त्यांनीच लघवीचा संसर्ग केला की नेहमीचं औषध चालत नाही. २०२४ ची ‘बॅलन्स’ चाचणी बघा: रक्तात जंतुसंसर्ग झालेले ७ देशांतले ३,६०८ रुग्ण, आणि ७ दिवसांचे उपचार १४ दिवसांच्या तोडीचे ठरले.

कृष्णाकाठ: त्या चाचणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचे रुग्ण घेतलेच नव्हते, हेही सांगा. शिवाय ते सगळे रुग्णालयात दाखल होते. आपल्याकडे ताप उतरला की गोळ्या बंद, उरलेल्या डब्यात, आणि पुढच्या सर्दीला त्याच बाहेर! स्ट्रेप्टोकोकसने घसा धरला तर पेनिसिलिनच्या गोळ्या १० दिवस घ्यायच्या, नाहीतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याची भीती. क्षयाला ६ महिने. तिथे मूळ रोगजंतूच बदलतो आणि अर्धवट उपचारांतून वाचलेला फोफावतो. ‘कमी दिवस पुरतात’ म्हटलं की लोक फक्त ‘थांबा’ ऐकतील.

सूक्ष्मदर्शी: क्षय आणि घसा, दोन्ही मान्य. म्हणूनच दिवस आजारागणिक ठरवा. प्रौढांच्या साध्या न्यूमोनियात ताप उतरून ४८ तास झाले, नाडी-श्वास ठीक असला, तर एकूण ५ दिवस पुरतात. चिठ्ठीवर थांबायची तारीखच लिहा आणि दुकानातून तेवढ्याच गोळ्या द्या.

दवापाणी: दिवस मोजण्याआधी गोळी लागते का, ते बघा. सर्दीला नाही. मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांना बहुतेक वेळा ओआरएस आणि झिंक, बस्स. ॲझिथ्रोमायसिन तर ३ गोळ्यांचं म्हणून लोकांना हलकं वाटतं. ते शरीरात निम्मं व्हायलाच सुमारे ६८ तास लागतात. शेवटच्या गोळीनंतरही कितीतरी दिवस ते अपुऱ्या मात्रेत रेंगाळतं, आणि प्रतिकारक जंतूंना तेच हवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ते जपून वापरायच्या ‘वॉच’ गटात ठेवलंय.

कृष्णाकाठ: मग आधी काउंटरवरची विक्री आवरा. एच-१ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीतलं सेफिक्सिम हे अँटिबायोटिक देताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग वहीत लिहून ती वही ३ वर्षं जपायची, हा नियम २०१४ पासून आहे. ती वही नीट तपासली जात नाही तोवर मी ‘कोर्स पूर्ण करा’ हेच सांगणार.