विषय: फ्रायबुर्ग सहल – आउगुस्टिनर म्युझियम कसं पाहायचं?

नमस्कार मंडळी,
शनिवारी मुन्स्टर (फ्रायबुर्गचं मुख्य चर्च) आणि आउगुस्टिनर म्युझियम दोन्ही करायचं ठरतंय. आधी काय घ्यावं? ज्येष्ठ मंडळी आणि मुलं सोबत आहेत.
– सहल समिती

---

उत्तर: फ्रायबुर्ग सहल

नमस्कार,
आधी मुन्स्टरच घ्या, आणि 116 मीटरच्या मनोऱ्याकडे खालून नीट बघून घ्या. त्यावरच्या संदेष्ट्यांचे मूळ पुतळे म्युझियममध्ये आहेत, वर आहेत त्या प्रतिकृती. वालुकाश्मात पाणी मुरतं, थंडीत गोठून सुमारे 9 टक्के फुगतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून मूळ पुतळे छपराखाली आणले.

म्युझियम म्हणजे आउगुस्टिनियन साधूंचा तेराव्या शतकातला मठ. 1823 पासून मठाच्या चर्चमध्ये शहराचं नाट्यगृह होतं; 1923 मध्ये म्युझियम उघडलं आणि मोठ्या नूतनीकरणानंतर 2010 मध्ये चर्चचा भाग पुन्हा खुला झाला. उंच सभामंडपात ते पुतळे दोन्ही बाजूंना उभे आहेत. खालूनच बघून परत फिरू नका, गॅलरीत जा. तिथे मुन्स्टरची गारगॉइल, म्हणजे पाणी बाहेर टाकणारी दगडी शिल्पं, अगदी जवळून दिसतात. आपल्या देवळातल्या मकरमुखासारखीच पाणी बाहेर टाकायची सोय, फक्त इथे ते पावसाचं असतं आणि भिंतीपासून लांब फेकावं लागतं. म्हणून माना एवढ्या ताणलेल्या. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

चित्रकार ग्र्यूनेवाल्डचं हिमचमत्काराचं चित्र चुकवू नका. रोममध्ये ऐन ऑगस्टात बर्फ पडल्याची आख्यायिका आहे. चित्रात पोप स्वतः कुदळ घेऊन त्या बर्फात चर्चची जागा आखतोय. त्याच्या हातातली कुदळ बघा.

माळ्यावरची एकोणिसाव्या शतकातली चित्रं वेळ उरला तरच. दोन तास धरा. ज्येष्ठांसाठी लिफ्ट आहे. ट्रॅम 1, थांबा ओबरलिंडन.

---

उत्तर: फ्रायबुर्ग सहल

एक भर. मुक्काम वाढवून फ्रान्समधल्या कोलमारला जाणार असाल तर वार सांभाळा: आउगुस्टिनर सोमवारी बंद, कोलमारचं उंटरलिंडन म्युझियम मंगळवारी. तेही मध्ययुगीन मठातलंच, डोमिनिकन साध्वींच्या. ग्र्यूनेवाल्डची इझेनहाइमची चित्रमय वेदी तिथे आहे. ब्राइझाखपर्यंत रेल्वे, पुढे बस. शनिवार-रविवार धरलात तर दोन्ही होतील.