मानवशास्त्रात एम.ए. : चारही शाखा की फक्त सांस्कृतिक?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. पदवी समाजशास्त्रात झाली, पुढे मानवशास्त्र करायचं हे पक्कं आहे. काही विभागांत सामाजिक-सांस्कृतिक, जैविक, पुरातत्त्वीय, भाषिक अशा चारही शाखा शिकाव्या लागतात, काही ठिकाणी भर एकीवरच. मला स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांवर काम करायचंय, मग जैविक शाखेतल्या कवट्यांची मापं घेण्यात एक सत्र घालवावं का? (हाडांची भीती नाही, वेळेची आहे.)

आणि क्षेत्रकार्याचं (लोकांत जाऊन करायच्या अभ्यासाचं) काय? मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ मध्ये न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर दोनदा मुक्काम ठोकून भाषा शिकला. आपल्या हाती सुट्टीतले दोन-तीन महिने! तेवढ्यात मुलाखतींपलीकडचं, सहभागी निरीक्षण (लोकांच्या रोजच्या जगण्यात सामील होऊन केलेलं) म्हणता येईल असं काही जमतं का?

मार्गदर्शकांना अर्जाआधीच मेल करावा का, तेही सांगा.