थंडीत अंडी अचानक कमी झाली आहेत. खुराड्यात दिवा लावावा का?

प्रश्न (घणसोली गावठाण)

नमस्कार. आमच्या घरामागच्या जागेत सात कोंबड्या आहेत, चार ग्रामप्रिया (अंड्यांसाठीची सुधारित जात) आणि तीन गावठी. ग्रामप्रियांची पिल्ले गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आणली होती, म्हणजे त्या आता वीस महिन्यांच्या झाल्या. दिवाळीपर्यंत रोज चार-पाच अंडी मिळत होती. डिसेंबर लागल्यापासून दोन दिवसांत एखादे मिळाले तरी पुष्कळ. खाणे व्यवस्थित आहे आणि आजाराचे लक्षण दिसत नाही. परदेशातील कोंबडीपालकांचे व्हिडिओ पाहिले, तर ‘दिवस लहान झाला, दिवा लावा’ असेच जो तो सांगतो. सासूबाईंचा मात्र दिव्याला सक्त विरोध आहे. थंडी बाधू नये म्हणून आम्ही खुराड्यावर ताडपत्री टाकतो, आणि मुंगसाच्या भीतीने कोंबड्या सकाळी साडेआठला सोडून संध्याकाळी पाचला कोंडतो. दिवा लावावा का, आणि लावल्यास किती वेळ?

उत्तर (येऊर, ठाणे)

ताई, व्हिडिओतील माणसे खोटे सांगत नाहीत, पण ती त्यांच्या आकाशाखालचे सांगतात. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. आपल्याकडे २१ डिसेंबरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर मावळतो, म्हणजे अकरा तास उजेड असतो. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसापेक्षा हा जेमतेम सव्वादोन तासांनी कमी आहे. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तासांचा उजेड लागतो हे खरे असल्यामुळे आपल्याकडेही थंडीत अंडी थोडी घटतात, पण रोज चार-पाचांवरून दोन दिवसांत एकावर येण्याइतकी ती सहसा घटत नाहीत.

खरी गोम आपल्या ताडपत्रीच्या आणि कोंडण्याच्या वाक्यात आहे. कोंबडीचा दिवस पंचांगातल्या सूर्योदयाला सुरू होत नाही, तो खुराड्याची कडी निघते तेव्हा सुरू होतो. उजेड तिच्या डोळ्यांतून आणि कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूपर्यंत पोहोचतो, तिथून संप्रेरकांना इशारा मिळतो आणि मग अंडाशय कामाला लागते. ताडपत्रीखालच्या काळोखात यांपैकी काहीच घडत नाही. साडेआठ ते पाच म्हणजे साडेआठ तास. घणसोलीत राहून आपण कोंबड्यांना जवळपास लंडनचा हिवाळा दिला आहे! शिवाय ठाण्या-नवी मुंबईच्या थंडीत धडधाकट कोंबडीला ताडपत्रीची गरजच नसते. तिला त्रास होतो तो एप्रिल-मेच्या उकाड्याचा. थेट वारा लागणारी एक बाजू झाकली की पुरे.

दिवा लावायचाच असेल, तर तो पहाटे लावावा. संध्याकाळचा दिवा एकदम विझला की कोंबडीला अंधारात दिसत नाही आणि ती दांडीवर न चढता जमिनीवरच बसून राहते. नऊ वॉटचा पिवळसर एलईडी पुरतो; खाली वर्तमानपत्र वाचता येईल इतपत उजेड हवा. त्याला टायमर जोडून आठवड्याला अर्धा तास असा वाढवत न्यावा आणि दिवस १४ तासांचा झाला की थांबावे. एकदा सुरू केल्यावर मात्र आज लावला, उद्या विसरला असे होऊ देऊ नये. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

उत्तर (बेलापूर)

दिव्याच्या आधी एक कोंबडी हातात धरून पाहावी, असे मी सुचवेन. वीस महिन्यांची कोंबडी म्हणजे पिसे गाळण्याचे वय. मानेवरची पिसे फुंकर मारून बाजूला केल्यावर खाली साळिंदराच्या काट्यांसारखे निळसर कोंब दिसले, तुरा फिका पडून आक्रसलेला असला आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये जेमतेम एकच बोट मावत असले, तर ती सध्या अंडी देणार नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या त्या हाडांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात. नवी पिसे येण्यास दोन ते तीन महिने लागू शकतात. पिसे बहुतांशी प्रथिनांचीच बनलेली असल्यामुळे या काळात नुसत्या तांदळाच्या कणीवर भागत नाही. १६ ते १८ टक्के प्रथिने असलेले लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य) द्यावे, आणि जोडीला मूठभर सुका जवळा; तो बिनमिठाचाच हवा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. पिसे गाळणाऱ्या कोंबडीला दिवा दाखवून घाई करू नये, इतक्यापुरते आपल्या सासूबाईंचे बरोबर आहे.

गावठी तीन कोंबड्यांचा हिशेब निराळा. त्या दहा-पंधरा अंडी देतात आणि खुडूक होतात. त्यांना दिव्याने फारसा फरक पडत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. आज दुपारी सर्व कोंबड्या धरून पाहिल्या. ग्रामप्रियांपैकी तिघींच्या मानेवर अगदी सांगितल्याप्रमाणे कोंब आहेत. चौथीचा तुरा लालबुंद आहे, म्हणजे अधूनमधून मिळणारे अंडे तिचेच असावे. गावठींपैकी एक विटांच्या ढिगामागे सहा अंड्यांवर खुडूक बसलेली सापडली, आणि आम्ही इतके दिवस मुंगसाला दोष देत होतो. दिव्याचा विचार पिसे भरेपर्यंत बाजूला ठेवला आहे. ताडपत्री काढली असून खुराड्यापुढे बारीक जाळीचे अंगण बांधून घेत आहोत, म्हणजे मुंगसाची धास्ती न बाळगता पहाटेच दार उघडता येईल. नळाला पाणी येते तेव्हा सासरे सहाला उठलेलेच असतात. कडी काढण्याचे काम त्यांनी आपणहून मागून घेतले आहे.