मदत हवी आहे : उसाच्या भरणीला देशी टिलर की चिनी इंजिनाचा वीडर?

ऊसकरी_शिरोळ :
नमस्कार मंडळी. तीन एकर ऊस, रान काळं, सरी साडेचार फुटी. बाळभरणी (ऊस लहान असताना बुंध्याला थोडी माती लावणं) आणि पक्की भरणी (ऊस वाढल्यावर जास्त माती चढवणं) दोन्ही यंत्रानं करायची आहे. कोल्हापुरात एका दुकानात १८६ एफ इंजिनाचा पॉवर वीडर (मागून चालत चालवायचं हलकं मशागतीचं यंत्र) दाखवला, १३ एचपीच्या जड टिलरपेक्षा बराच स्वस्त. दुकानदार म्हणतो माल इंडियन; इंजिनावरच्या पट्टीवर मात्र चीनचं नाव. काय बघून ठरवावं? अनुदानही घ्यायचंय.

उद्यमनगर_लेथ :
दादा, त्या आकड्यातच इंजिनाचं माप आहे. १८६ एफ म्हणजे ८६ मिमी बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) एअर कूल्ड, म्हणजे हवेनं थंड होणारं डिझेल इंजिन. दुसऱ्या चिनी इंजिनांतही तसंच, आर १८० चा बोअर ८०, एस १९५ चा ९५. या मापाचे पिस्टन-रिंगा सहसा मिळतात, त्यामुळं इंजिनाची एवढी धास्ती नको. घोडं अडतं गिअरबॉक्सला. बेअरिंग ६२०५ सारख्या प्रमाण नंबराचं असलं तर कुठल्याही दुकानात मिळेल. गिअर नसला तर कापून घ्यावा लागतो, आणि हीट ट्रीटमेंट (दात कडक करण्यासाठीची तापवणी) कच्ची राहिली की दात लवकर झिजतात. म्हणून पैसे देण्याआधी रोटर शाफ्टचं (पाती फिरवणाऱ्या दांड्याचं) ऑइल सील, म्हणजे ऑइल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी, आणि गिअरचा एक जोड काउंटरवर प्रत्यक्ष मागा. "मागवून देतो" म्हणाले तर हंगामात मशीन उभं राहणार असं धरून चाला.

काळ्या रानात पहिलं सीलच जातं. पाला शाफ्टला गुंडाळतो, त्यात चिखल दाबला जातो आणि सीलची कड खाल्ली जाते. पाणी आत शिरलं की गिअरबॉक्सचं ऑइल ताकासारखं पांढरट दिसतं. तसं दिसलं की काम थांबवा, ऑइल काढा, सील बदला. नुसतं नवं ऑइल ओतून भागत नाही. पाला काढताना इंजिन बंदच हवं. एअर कूल्डमध्ये फिन्सही (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या) पाल्यानं बुजतात, वाढलेल्या उसात वारा नसतो, मग इंजिन तापून ताकद सोडतं. बाळभरणीला वीडर चालेल, पक्क्या भरणीला जड टिलरच घ्या.

फाळ_पाती :
बाजाराचं थोडं. १५ जुलै २०२० ला केंद्रानं पॉवर टिलर आणि त्याचे इंजिन, ट्रान्समिशन, चेसिस, रोटाव्हेटर हे भाग मुक्त आयातीतून काढून परवान्याखाली आणले. त्याआधीचे चिनी टिलर जुन्या बाजारात स्वस्त दिसले तरी गिअरबॉक्सचे भाग हातात आल्याशिवाय घेऊ नका. आणि परदेशी नाव म्हणजे आयात असंही नाही. जॉन डिअरचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीत बनतात.

कोटेशनवरचा कर तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि मशागतीच्या यंत्रांवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. महाडीबीटीवर (राज्याच्या अनुदानाच्या पोर्टलवर) पूर्वसंमती येण्याआधी बिल केलंत तर अनुदान गेलं. मॉडेलचा टेस्ट रिपोर्टही (यंत्राच्या चाचणीचा अहवाल) आधी मागा, आणि रिपोर्टातलं मॉडेलचं नाव व इंजिनाचा प्रकार मशीनवरच्या पट्टीशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

ऊसकरी_शिरोळ :
आभारी आहे. मग मिनी ट्रॅक्टर?

उद्यमनगर_लेथ :
साडेचार फुटात अरुंद मॉडेल बाळभरणीला जातं. पुढं ऊस अ‍ॅक्सलला लागून मोडतो. शिवाय बांधाला वळायला जागा लागते. तेवढी सोडली आहे का?

ऊसकरी_शिरोळ :
नाही, सरी थेट बांधापर्यंत आहे. टिलरचंच बघतो, सील आणि गिअर मागून.